दुसरी मात्रा

नववं नाव माझं होतं. त्याच्यापुढं सरचिटणीसांनी 'हौ.' असं लिहिलं होतं, शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालेल्या त्यांच्या गोल गोल अक्षरात. कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, वर पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, "एवढं जेवायच्या आत टाईप करून दे. चाळीस प्रती लागतील." आणि गेले आपल्या खोलीत. झालं ते एवढंच. अडखळले नाहीत, नजर चुकवली नाही, घसा खाकरला नाही. वरची सहा नावं, मग पट्टी लावून ओढलेली आडवी रेघ, रेघेखाली तीन नावं, तिघांपुढंही 'हौ.' आणि त्यातली एक मी, जिनं तो कागद टाईप करायचा. माणसाला काही लाज असते की नाही? निदान माझ्यापुरतं तरी स्वतः टाईप केलं असतं, एका बोटानं का होईना. पण त्यांच्या ते डोक्यातच आलं नसणार. टाईप करणारी बाई आणि अर्ज करणारी बाई ही एकच बाई आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती ह्यानं. वाईट हेतूनं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

'हौ.' म्हणजे हौशी. बाहेरच्या कुणाला कळायचं नाही. आमच्या ह्या चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मात्र सगळ्यांना कळतं, आणि कुणी कधी समजावून सांगत नाही. निवडणूक आली की पक्षाची उमेदवारी हवी असलेले लोक इथं अर्ज देतात. सरचिटणीस यादी करतात, मी टाईप करते. संध्याकाळी हॉलमध्ये सदस्यांची सभा भरते आणि माझा उच्चार स्वच्छ म्हणून व्यासपीठावरून यादी मीच वाचते. ज्याचं नाव वाचलं त्यानं जागेवर उभं राहायचं आणि 'हो' म्हणायचं. हो म्हटलेल्याला दहा मिनिटं बोलायला मिळतात, मग सदस्य मत देतात. पक्षाच्या घटनेत चौदावं कलमच आहे तसं: ज्याचं नाव सभेत वाचलं गेलं आणि ज्यानं हो म्हटलं, तो मतदानाला पात्र. घटना मी आतापर्यंत सहा वेळा टाईप केली आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. आणि वाचायचं कुठपर्यंत? रेघेपर्यंत. रेघ आली की मी एक वाक्य म्हणते, "इतर अर्ज कार्यालयात पाहावयास मिळतील," आणि कागदाची घडी घालते. ते इतर अर्ज पाहायला आजवर कुणीही आलेलं नाही. ते माझ्या मागच्या कपाटात खालच्या कप्प्यात असतात, आणि तो कप्पा ओला लागतो म्हणून मी त्यांच्याखाली जुनी वर्तमानपत्रं घातली आहेत. तेवढी काळजी मी घेतली म्हणायची.

आणि हे 'हौ.' कुणी काढलं? मी. कुणाला सांगितलेलं नाही, ताईलाही नाही. चोवीस वर्षांपूर्वी मी इथं नवीन होते, सत्तावीस वर्षांची, आणि टेबलावर जड काळा टाईपरायटर होता. तेव्हा संमती आधीच विचारून घेत आणि मी नावापुढं 'हो.' टाईप करायची. एका मात्रेची आणि दोन मात्रांची कळ एकच. शिफ्ट दाबली की दोन उठायच्या. एका नावाला माझी करंगळी शिफ्टवर राहिली. बाकी सगळे हो, आणि ती एकटी हौ. भूगोलाच्या बाई होत्या त्या, शाळेतल्या. त्यांना शाळेमागचा ओढा मोकळा करून हवा होता, त्याचा नकाशाही त्यांनी स्वतः काढून आणला होता, गुंडाळी करून, रबर लावून. सभेत तेव्हाच्या अध्यक्षांनी यादी डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, "हे हौ. काय आहे बुवा?" तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हौशी असेल." मग जे हसू झालं ते पाच मिनिटं थांबेना. मांड्यांवर थापा मारून हसले लोक. बाई उठून उभ्या होत्या, हातात ती गुंडाळी. त्या हो म्हणाल्या की नाही ते मला ऐकूच आलं नाही. मग बसल्या. आणि मी तेव्हा सांगायला हवं होतं की टायपिंगची चूक आहे, माझी आहे, एका मात्रेची आहे. त्याऐवजी मी हसले. नोकरी नवीन होती वगैरे सगळं खरं, पण हसू काही नोकरीनं आणलं नव्हतं. मला ते तेव्हा खरंच गमतीचं वाटलं होतं. पुढच्या खेपेला यादी हातानं लिहून आली त्यात दोन नावांपुढं 'हौ.' होतं, रेघेखाली.

मी उठले आणि सरचिटणीसांच्या खोलीत गेले. ते चष्मा पुसत होते. मी कागद समोर धरला, बोट नवव्या नावावर ठेवलं आणि म्हटलं, "हे काय आहे?" त्यांनी चष्मा घातला, वाचलं, आणि मग कुठं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "अगं हां," ते म्हणाले, "मी बोलणारच होतो तुझ्याशी." म्हटलं, बोला. "हे बघ, तू मनापासून करते आहेस हे कुणाला कळत नाही असं नाही. तुझ्याइतकं पक्षाचं काम कुणी केलंय? पण उमेदवार म्हटला की निवडून येण्याजोगा हवा." "आणि मी नाही?" "मी नाही म्हणत गं. लोक म्हणतात." "कुठले लोक?" "एकूणच." मी म्हटलं, "एकूणच लोकांनी माझं नाव तरी ऐकलंय का?" "तेच तर," ते म्हणाले, आणि त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूला आले. "नाव कुणी ऐकलेलं नाही. नाव नसलेला माणूस कसा पुढं करायचा?" "नाव का नाही ऐकलं? वाचतच नाही म्हणून ना?" "सगळ्यांची वाचत बसलो तर सभेचं हसं होईल." "म्हणजे वाचत नाही म्हणून माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून वाचायचं नाही." ते खुर्चीत मागं टेकले. मग हसून म्हणाले, "तू शब्दांत पकडतेस बघ. टायपिस्टची सवय." हे त्यांनी प्रेमानं म्हटलं. चोवीस वर्षं हा माणूस माझ्याशी प्रेमानंच बोलत आलाय. माझ्या दुखण्याखुपण्यात विचारपूस केलीय, आई गेली तेव्हा स्मशानात उभा होता. आणि यादीत पहिला कोण? सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेला, ज्याला आमच्या पक्षाचं पूर्ण नाव अजून एका दमात घेता येत नाही. तो वजनदार. मी हौशी. मला वाटलं त्यांचा चष्मा काढून घ्यावा आणि खिडकीतून खालच्या दुकानात टाकावा. मी म्हटलं, "चाळीस प्रती ना?" आणि बाहेर आले.

सकाळीच ताईनं सांगितलं होतं, "धाकटे, तुला ते बोलू देणार नाहीत." ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, नर्स होती, आणि वाईट बातमी ती सुई टोचावी तशी देते, पटकन, दुसरीकडे बघत. मी साडीला पिना लावत होते. म्हटलं, "माझ्या हातात यादी असते ताई." "यादी तुझ्या हातात असते," ती म्हणाली, "पण तू कुणाच्या हातात असतेस?" आणि पाय खुर्चीवर ठेवून गुडघ्याला मलम चोळत बसली. मी अर्ज दिला तो तिच्या ह्या गुडघ्यांपायी. आमचा सरकारी दवाखाना बाजाराच्या इमारतीत हलवला, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट तेव्हापासूनच बंद. ज्यांना चढवत नाही त्यांना खुर्चीत बसवून चौघं उचलून नेतात. ताईनं नोकरीची शेवटची वर्षं त्या खुर्चीचा एक पाय धरून काढली. खांदा तिथंच गेला. मागच्या हिवाळ्यात तिला स्वतःला दाखवायला न्यायचं झालं. खाली तीच खुर्ची, तोच मागचा पाय दोरीनं बांधलेला. ताई बसली. पहिल्या वळणावर म्हणाली, "उतरवा मला." उचलणाऱ्यांना वाटलं तिला भीती वाटते. "भीती नाही," ती म्हणाली, "लाज वाटते. तुम्हाला वाटायला हवी ती मला वाटते आहे." आणि कठडा धरून एकेक पायरी बसत बसत खाली आली. मी दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनानं अर्ज भरला आणि माझ्याच ट्रेमध्ये टाकला.

लिफ्टसाठी अर्ज करणारी मी पहिली नाही. आठवं नाव शिंप्याचं होतं. बाजारात त्याचं हातभर रुंदीचं दुकान आहे, दवाखान्याच्या जिन्याखालीच, आणि त्याच्या डोक्यावरून रोज ती खुर्ची जाते. चार वेळा अर्ज केला, चारही वेळा एकच मुद्दा. आमच्याकडे त्याला 'लिफ्टवाले' म्हणतात. "काय लिफ्टवाले, यंदा कितव्या मजल्यावर?" असं विचारतात आणि एकमेकांना टाळ्या देतात. चारही वेळा 'हौ.' मी टाईप केलं. दर खेपेला तो हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसायचा, स्वतः शिवलेल्या कोटात, कॉलर नीट करत, आणि मी रेघेपाशी थांबून घडी घालायची. तिसऱ्या खेपेला सभेआधी तो माझ्या टेबलापाशी आला. हातात यादीची प्रत, तिच्यावर त्याचं बोट. "बाई, माझ्या नावापुढं हे काय लिहिलंय?" मी वर पाहिलंच नाही. "कार्यालयाची खूण आहे," म्हटलं. त्यानं बोट उचललं. मग म्हणाला, "म्हणजे 'हो' ना? मला तसंच वाटलं. पक्षानं हो म्हटलंय." आणि हसून, मान लववून गेला. संध्याकाळी तो पहिल्या रांगेत होता, कोटाला इस्त्री केलेली, आणि मी त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत "इतर अर्ज" म्हटलं. किती रात्री मी त्याचं ते 'हो ना?' ऐकलंय. बिचारा, साधा माणूस, फसला, असं मी मनाशी म्हणायची, आणि असं म्हटलं की झोप यायची. कीव करणं फार सोयीचं असतं. यंदा तो शेवटच्या दिवशी अर्ज घेऊन आला, ट्रेमध्ये माझा अर्ज पाहिला आणि म्हणाला, "तुम्ही आहात तर मी कशाला?" मी म्हटलं, "राहू द्या. दोघं एकदमच रेघेखाली जाऊ." म्हटलं ते गमतीनं. खरं सांगायचं तर मला खात्री होती की मी काही रेघेखाली जाणार नाही.

मी यादी टाईप केली, दिली होती तशी, रेघेसकट, तिन्ही 'हौ.'सकट. चाळीस प्रती काढल्या. मग एक जास्तीची काढली, माझ्यासाठी, वाचायची. ड्रॉवरच्या कोपऱ्यात अजून अर्धं ब्लेड आहे. टाईपरायटरच्या दिवसांत चुकलेलं अक्षर आम्ही त्यानं खरवडायचो, वरून नखानं घासून कागद गुळगुळीत करायचो. काँप्युटर आल्यापासून त्याचं काम नव्हतं. मी दार लोटलं आणि सातव्या नावापाशी ब्लेड टेकवलं. सातवा बसचालक, त्याला त्याच्या मार्गावरचे रद्द केलेले तीन थांबे परत हवेत. दोन मात्रांतली एक निघाली, जराशी पांढरी भुकटी राहिली, फुंकर मारली. हो. मग शिंपी. हाताला सगळं आठवत होतं. एवढंसं काम, एका नखाएवढं, चोवीस वर्षांत कधीही करता आलं असतं. नवव्या नावाला मात्र हात जड पडला आणि कागद फाटला. माझ्या नावापुढं मात्रेच्या जागी एक छिद्र राहिलं.

हॉलमध्ये साडेपाचलाच गर्दी होती. व्यासपीठावर अध्यक्ष, सरचिटणीस, आणि कडेला माईकपाशी मी. ताई येणार नव्हती, हॉललाही पायऱ्या आहेत. शिंपी पहिल्या रांगेत होता, तोच कोट, कोपरांशी रंग उडालेला. मी सहा नावं वाचली. सहा जण उठले, हो म्हणाले, टाळ्या झाल्या. पहिल्यानं तर दोन्ही हात वर करून हो म्हटलं, जिंकूनच आल्यासारखं. मग रेघ आली. सरचिटणीसांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नेहमीसारखी, म्हणजे आता ते वाक्य म्हण आणि घडी घाल. मी सातवं नाव वाचलं. एकदम कुणाला काही कळलं नाही. मागून बसचालक उठला आणि गाडीतली गर्दी आत सरकवायच्या आवाजात म्हणाला, "हो." सरचिटणीसांनी हात लांब करून माईकचं बटण बंद केलं. अगदी हळू, कुणाला दिसू नये असं. मी माईकपासून बाजूला झाले आणि पुढं येऊन आठवं नाव वाचलं. शिंपी उठला नाही. त्यानं मागं वळून पाहिलं, त्याच्या नावाचा दुसरा कुणी आहे का म्हणून. मी परत वाचलं, मोठ्यानं. मग तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. ओठ हलले, आवाज आला नाही. त्यानं घसा साफ केला आणि पुन्हा म्हटलं, "हो."

"काय चाललंय हे?" अध्यक्ष म्हणाले. मी माझं नाव वाचलं. कागदाकडे पाहायची गरज नव्हती, पण पाहिलं, आणि त्या छिद्रातून मला माझा अंगठा दिसला. मग मीच म्हटलं, "हो." तिसऱ्या रांगेतून हसू आलं. तेच हसू, माणसं बदलली असतील, रांग तीच. मी ते संपेपर्यंत उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे नियमात बसत नाही." मी चौदावं कलम म्हणून दाखवलं, स्वल्पविरामासकट. घटना त्यांच्या समोरच टेबलावर होती, मी टाईप केलेली. त्यांनी ती उघडली, सरचिटणीसांनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं, त्यांनी कपाळाला आठी घातली, आणि मग पक्ष अडचणीत आला की जे करतो ते केलं. चहाची सुट्टी जाहीर केली.

मी कडेच्या व्हरांड्यात उभी होते. माझ्याजवळ कुणी येत नव्हतं. शिंपी दोन कप घेऊन आला. एक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बाई, तो कागद बघू जरा." मी दिला. त्यानं चष्मा कपाळावर सारला, कागद उजेडाकडे धरला, कापड धरतात तसा, आणि आठव्या ओळीवरून अंगठा फिरवला. "एक मात्रा काढलीत," तो म्हणाला. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं? तेव्हा, त्या दिवशी?" "मी शिंपी आहे बाई," तो म्हणाला, "एक टाका जास्त पडला तर मला दिसतो." "मग तुम्ही 'हो ना' असं का म्हणालात?" त्यानं चहाचा घोट घेतला. "तुमची मान खाली होती. म्हटलं, निदान तुम्हाला तरी बरं वाटू दे." आणि कागद नीट दोन घड्या करून त्यानं मला परत दिला.

मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. मला राग आला. त्याचा नाही, सरचिटणीसांचा नाही, तिसऱ्या रांगेचाही नाही. इतकी वर्षं मी ज्याची कीव करत आले तो माझी कीव करत होता. आणि मी मात्र त्याच्या फसण्यावर डोकं ठेवून झोपत होते. आत माईक परत सुरू झाल्याची खरखर झाली. अध्यक्ष सांगत होते की घटनेचा मान राखून शेवटच्या तिघांनाही संधी देण्यात येत आहे, मात्र वेळेअभावी तिघांत मिळून दहा मिनिटं, सुरुवात बाईंपासून. तिघांत मिळून. शिंपी म्हणाला, "जा. लिफ्टचं नीट सांगा." माझ्या पर्समध्ये लिफ्टचं भाषण होतं, चार दिवस ताईसमोर म्हणून म्हणून बसवलेलं. मी पर्स त्याच्याच हातात दिली. "ते तुम्ही वाचा," म्हटलं. "माझं अक्षर लागेल तुम्हाला."

पायऱ्या चढून मी माईकपाशी गेले. सरचिटणीस घड्याळ काढून हातात धरून बसले होते आणि माझ्याकडे बघून समजुतीचं हसत होते. समोर तिसरी रांग होती. मी माईक थोडा खाली केला.

"लिफ्टचं शिंपी बोलतील," मी म्हटलं. "मला एक चूक दुरुस्त करायची आहे. चोवीस वर्षांपूर्वी यादी टाईप करताना माझी करंगळी शिफ्टवर राहिली होती."

तिसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं. मी थांबले नाही.